कपड्यांवरून माणूस जोखणं: घालणाऱ्याने किती सांभाळायचं आणि बघणाऱ्याने किती?

पाऊलवाट (धागाकर्ती)

"मुलाखतीला जाताना नीट कपडे घालून जा" हा सल्ला आपण सगळेच देतो. तो चुकीचा नाही, पण तो कायम एकाच बाजूला दिला जातो याचा मला मनापासून त्रास होतो. ज्याला जोखलं जाणार आहे त्याला बुटांच्या पॉलिशपासून शर्टाच्या रंगापर्यंत सगळं शिकवतात. जो जोखणार आहे त्याला कोणी काहीच शिकवत नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

नोकरभरतीच्या मुलाखती घेणाऱ्या पॅनेलवर मी बरीच वर्षं बसते. गुणांच्या तक्त्यात 'एकंदर छाप' असा एक रकाना असतो. उमेदवार दारातून खुर्चीपर्यंत येतो तेवढ्या वेळात बऱ्याच जणांचा तो रकाना मनात भरून झालेला असतो. मध्यंतरी एक मुलगा आला होता. उत्तरं चोख, मुद्द्याला धरून. पण कोटाची बाही मनगटाच्या दोन बोटं वर राहत होती आणि तो ती सारखी खाली ओढत होता. संपल्यावर दोन तक्त्यांवर शेरा होता: 'अस्वस्थ. आत्मविश्वास कमी.' मी विचारलं, कोणत्या उत्तरात कमी वाटला? उत्तर कोणालाच सांगता आलं नाही. बाही आखूड होती, आणि ते आखूडपण स्वभावाच्या खात्यात जमा झालं होतं.

यावर झालेलं एक संशोधन मुद्दाम सांगते. डाँगवॉन ओ, एल्डर शफीर आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह या तिघांनी २०१९ साली प्रसिद्ध केलं. चेहरे तेच ठेवले, खाली दिसणारे कपडे फक्त बदलले. फरकही फार नाही. बघणाऱ्याला माणूस 'जरा बऱ्या परिस्थितीतला' किंवा 'जरा ओढगस्तीचा' वाटेल एवढाच. लोकांना विचारलं, हा माणूस किती कर्तबगार वाटतो? बऱ्या कपड्यांतला तोच चेहरा जास्त कर्तबगार ठरला. फोटो १२९ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा जेमतेम आठवा भाग दाखवला, तरीही. नंतर लोकांना स्पष्ट सांगितलं की कपड्यांकडे लक्ष देऊ नका. माणसाचा व्यवसाय आणि उत्पन्न सांगून पाहिलं, अचूक अंदाजाला बक्षीस ठेवून पाहिलं. कल गेला नाही.

म्हणजे "मी कपड्यांवर जात नाही हो" असं म्हणणाऱ्यावरही हा परिणाम होतोच. मग करायचं काय? तुमचे अनुभव आणि मतं, दोन्ही हवीत.

स्पष्टोक्ती

ताई, मुद्दा पटला, पण एक बाजू सुटते आहे असं वाटतं. कपडे ही माणसाने स्वतः निवडलेली गोष्ट आहे. उंची, रंग, नाकडोळे निवडता येत नाहीत, कपडे येतात. मग त्यावरून काही अंदाज बांधला तर त्यात अन्याय कसला? चुरगळलेला शर्ट घालून आलेल्या माणसाने आपल्या भेटीला किती महत्त्व दिलं ते कळतंच ना? एक नूर आदमी, दस नूर कपडा असं उगीच म्हणत नाहीत.

सुईदोरा

मी शिवणकाम करतो. सगळं आयुष्य कोट आणि पँटी शिवण्यात गेलं, म्हणून स्पष्टोक्तींच्या प्रतिसादाला माझ्या धंद्यातून उत्तर देतो.

तयार कोट सरासरी अंगावर बेतलेला असतो. सरासरी अंगाचा माणूस मात्र क्वचित भेटतो. वर्षानुवर्षं एका खांद्यावर ओझं वाहिलेल्या माणसाचा तो खांदा उतरलेला असतो. त्याने तयार कोट घातला की त्या बाजूला कॉलरखालून बगलेकडे तिरकी सुरकुती पडते. इस्त्री करून ती जात नाही. आत खांद्याला थोडं जादा पॅडिंग द्यावं लागतं, नाहीतर खांद्याची शिलाई उसवून पुन्हा बसवावी लागते. बघणाऱ्याला फक्त सुरकुती दिसते आणि तो म्हणतो, गबाळा आहे.

दुसरं, मुंढा, म्हणजे कोटाला बाही जिथे जोडतात तो गोल काप. तयार कपड्यात मुंढा बहुधा खोल कापतात, म्हणजे जास्तीत जास्त लोकांना तो कोट अंगात चढतो. पण मुंढा खाली आला की हात उचलताना अख्खा कोट वर येतो, कॉलर मानेपासून सुटते, आणि माणूस अवघडल्यासारखा दिसतो. मुंढा वर, अंगासरशी कापला की फक्त हात हलतो, कोट जागच्या जागी राहतो. मग तोच माणूस ऐटबाज दिसतो. त्या ऐटीतला अर्धा वाटा कापणाऱ्याचा असतो.

हे नुसतं माझं मत नाही. ब्रिटन आणि तुर्कस्तानच्या संशोधकांनी २०१३ साली मापाने शिवलेला सूट आणि तयार सूट यांचे फोटो लोकांना दाखवले होते. माणूस तोच, रंग आणि कापड सारखंच, चेहरा पुसट केलेला. मापाच्या सुटातला माणूस लोकांना जास्त आत्मविश्वासाचा, जास्त यशस्वी, जास्त कमावणारा वाटला. आता सांगा, यात 'निवड' कोणाची? ज्याच्या खिशाला मापाने शिवून घेणं परवडतं त्याची. दुसऱ्याने काही गबाळेपणा निवडलेला नाही.

स्पष्टोक्ती

सुईदोरा काका, हे मला खरंच माहीत नव्हतं. मापाचा मुद्दा मान्य. तरीही स्वच्छता आणि टापटीप यांना किंमत हवी, हे माझं मत कायम आहे.

काठावरचा

टापटिपीला किंमत असावीच, पण टापटिपीलाही पैसे आणि वेळ लागतो. दोनच शर्ट असलेल्या माणसाने रोज स्वच्छ शर्ट घालणं आणि दहा शर्ट असलेल्याने घालणं यात फार फरक आहे. पहिल्याला रात्री धुवायचा, सकाळपर्यंत वाळेल की नाही ही धास्ती, अर्धा ओला तसाच अंगात घालायचा.

मी एका मोठ्या इमारतीत सुरक्षारक्षक आहे. गणवेशात असतो तेव्हा मी हात केला की गाडी थांबते, "इथे लावू नका" म्हटलं की माणूस मुकाट मागे घेतो. पण माझ्या तोंडाकडे कोणी बघत नाही. रोज सकाळी मला नमस्कार करणाऱ्या एक बाई सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत बाजारात समोरासमोर आल्या. मी हसलो, त्यांनी पर्स जवळ ओढून घेतली. त्यांचा दोष म्हणून सांगत नाही, बाई चांगल्या आहेत. त्यांचा नमस्कार गणवेशाला होता. बाजारात गणवेश नव्हता, मग समोर एक अनोळखी पुरुष उरला.

सफाई करणाऱ्यांचं तर आणखीच वेगळं. त्यांच्या गणवेशाला मानही मिळत नाही. त्यांच्यासमोर लोक घरातली भांडणं, पैशांचे व्यवहार, काहीही बोलत उभे राहतात, जणू तिथे कोणी नाहीच.

अधोरेखित

काठावरचा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही सांगता त्याचा पहिला भाग प्रयोगातही दिसला आहे. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

लेनर्ड बिकमन यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात केलेले प्रयोग १९७४ साली प्रसिद्ध झाले. रस्त्यावरच्या लोकांना एक तरुण सांगायचा, ती पडलेली पिशवी उचला, त्या माणसाला पार्किंगच्या मीटरसाठी नाणं द्या. कधी तो कोट-टाय घालून असायचा, कधी दूधवाल्याच्या गणवेशात, कधी सुरक्षारक्षकाच्या. रक्षकाचं सर्वांत जास्त ऐकलं गेलं. सांगून तो निघून गेला, बघायला थांबला नाही, तरी लोकांनी नाणं दिलं. खरं तर पिशवी किंवा मीटर यांच्याशी रक्षकाचा काय संबंध? गणवेशाचा अधिकार जिथे लागू नाही तिथेही लोकांनी तो मानला. आणि असं काही होईल का, हा अंदाज दुसऱ्या लोकांना आधी विचारला तेव्हा त्यांनी गणवेशाचा प्रभाव कमीच धरला होता.

त्याआधी १९५५ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात असाच एक प्रयोग झाला. एक माणूस सिग्नल मोडून रस्ता ओलांडतो. एकदा कडक इस्त्रीच्या सुटात, एकदा मळक्या, ठिगळ लावलेल्या कपड्यांत. सूटवाल्याच्या मागोमाग सिग्नल मोडणारे साडेतीनपट निघाले. सूट घातलेला माणूस नियम मोडत होता, तरी त्याच्या मागे जाणं लोकांना सुरक्षित वाटलं. मला यातलं हे जास्त काळजीचं वाटतं. फाटक्या कपड्यांतल्या माणसाला कमी लेखणं वाईट आहेच. चकचकीत कपड्यांतल्या माणसावर डोळे झाकून विश्वास टाकणंही तेवढंच महागात पडतं. फसवणारे हे पक्कं ओळखून असतात.

एक सावधगिरीचा शब्द. या विषयावर सोशल मीडियावर फिरणारं सगळं खरं मानू नका. 'डॉक्टरांचा कोट घातला की एकाग्रता वाढते' हा २०१२ सालचा ॲडम आणि गॅलिन्स्की यांचा प्रयोग खूप गाजला. २०१९ मध्ये त्यातला पहिला प्रयोग जास्त लोकांवर पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. कपड्यांमुळे बघणाऱ्याचं मत बदलतं, याला भक्कम आधार आहे. घालणाऱ्याची बुद्धी त्याने बदलते, याला तेवढा नाही.

तळटीप

अधोरेखित यांच्या प्रतिसादात माझी भर. कपडा एकटा वाचला जात नाही. तो कोणाच्या अंगावर आहे, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. २०१२ सालच्या अमेरिकेतलं उदाहरण घ्या, टोपीचा स्वेटशर्ट म्हणजे हुडी.

२६ फेब्रुवारी २०१२ ला फ्लॉरिडातल्या सॅनफर्डमध्ये ट्रेव्हॉन मार्टिन या सतरा वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला गोळी घालून मारलं. त्याच्या अंगात हुडी होती. त्यानंतर टीव्हीवर एका नामांकित भाष्यकाराने म्हटलं की मुलाच्या मृत्यूला गोळी घालणाऱ्याइतकीच हुडीही जबाबदार आहे, पालकांनी मुलांना हुडी घालू देऊ नये. मार्चच्या अखेरीस खासदार बॉबी रश निषेध म्हणून अमेरिकी प्रतिनिधीगृहात बोलता बोलता कोट काढून हुडीत उभे राहिले, डोक्यावर टोपी ओढली, तर नियमावर बोट ठेवून त्यांना सभागृहाबाहेर नेलं.

त्याच वर्षी मे महिन्यात मार्क झुकरबर्ग फेसबुकचे शेअर बाजारात आणण्याआधी बड्या गुंतवणूकदारांना भेटायला हुडी घालून गेला. एका विश्लेषकाने त्याला पोरकटपणा म्हटलं. पण अनेकांनी ते कौतुकाने घेतलं: कामात बुडालेला तरुण, त्याला दिखाव्याची फिकीर नाही.

एकच साल, एकच कपडा. एकाच्या अंगावर तो भीतीचं कारण, दुसऱ्याच्या अंगावर प्रतिभेची खूण. तेव्हा "कपडे निवडता येतात" हे अर्धंच खरं आहे. कपडे निवडता येतात, त्यांचा अर्थ निवडता येत नाही.

अधोरेखित

तळटीप, याच मुद्द्यावर बेलेझा, जिनो आणि कीनन यांचं २०१४ सालचं काम आहे. मिलानमधल्या महागड्या दुकानांतल्या विक्रेत्यांना विचारलं, व्यायामाच्या कपड्यांत आलेली बाई आणि भारी कपडे घालून आलेली बाई, कोण जास्त खरेदी करेल? त्या विक्रेत्यांनी व्यायामाच्या कपड्यांतलीला झुकतं माप दिलं. नियम मोडणारा 'मोठा' वाटतो खरा, पण एका अटीवर. तो मुद्दाम मोडतो आहे आणि त्याला तो परवडतो, असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे. ज्याला परवडत नाही असं वाटतं, त्याच्या साधेपणाला कोणी साधेपणा म्हणत नाही.

रानजाई

बायकांच्या कपड्यांविषयी अजून कोणी बोललं नाही. पुरुषाच्या कपड्यांवरून त्याची ऐपत आणि हुशारी जोखतात. बाईच्या कपड्यांवरून तिचं चारित्र्य जोखतात, आणि ते काही सेकंदांच्या मतापाशी थांबत नाही, न्यायालयापर्यंत जातं.

इटलीच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा एक निकाल १९९९ च्या सुरुवातीला गाजला होता. बलात्काराची शिक्षा रद्द करताना न्यायालयाने एक मुद्दा असा मांडला की पीडितेने घट्ट जीन्स घातली होती आणि ती तिच्या मदतीशिवाय काढता येणं जवळपास अशक्य. म्हणजे तिची संमती असणार. अठरा वर्षांच्या मुलीबद्दल हे लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी इटलीच्या संसदेतल्या काही महिला खासदार निषेध म्हणून जीन्स घालून आल्या. त्यातूनच लॉस एंजेलिसमध्ये त्या वर्षीच्या एप्रिलपासून 'डेनिम डे' पाळायला सुरुवात झाली. त्याच इटालियन न्यायालयाने २००८ मध्ये जीन्सचा हा युक्तिवाद बाजूला सारला.

पुढे २०१८ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या बलात्काराच्या खटल्यात आरोपीच्या वकिलाने ज्यूरीला, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाला, मुलीच्या अंतर्वस्त्राकडे बघायला सांगितलं. रूथ कॉपिंजर या खासदारांनी तसंच अंतर्वस्त्र संसदेत हातात धरून दाखवलं आणि विचारलं, हे इथे बघून अवघडल्यासारखं वाटतं ना, मग न्यायालयात त्या मुलीला काय वाटलं असेल?

मला हे लिहितानाही संताप येतो. घट्ट कपडे घातले तर संमती, सैल घातले तर खोटं बोलते, नीट आवरून आली तर "हिच्याकडे बघून काही झालंय असं वाटत नाही". यात बाईने बरोबर ठरेल असा कपडाच नाही. म्हणून घालणाऱ्याने सांभाळून राहावं हा सल्ला इथे कवडीच्या उपयोगाचा नाही. जे बदलायचं ते बघणाऱ्याकडेच.

पाऊलवाट

रानजाई, अगदी मनातलं लिहिलंस. "बरोबर ठरेल असा कपडाच नाही" हे मुलाखतींतही दिसतं. बाई जरा भारी कपडे घालून आली की "कामापेक्षा दिसण्याकडे लक्ष", साधी आली की "पदाला शोभत नाही". दोन्ही शेरे मी एकाच दिवशी, एकाच पॅनेलवर ऐकले आहेत.

वटवृक्ष

न्यायालयाचा विषय निघाला आहे तर बघणाऱ्यावर कायद्याने बंधन घातल्याचं एक उदाहरण देतो. वकिली करून निवृत्त झालो, त्यामुळे हा निकाल चांगला लक्षात आहे. एस्टेल विरुद्ध विल्यम्स, अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, १९७६. आरोपीला ज्यूरीसमोर तुरुंगाचे कपडे घालून उभं राहायची सक्ती करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. कारण सरळ आहे. गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष मानायचा, आणि तुरुंगाचे कपडे खटलाभर दर मिनिटाला ज्यूरीला उलट सांगत राहतात. शिवाय ज्याला जामिनाचे पैसे भरता येत नाहीत तोच तुरुंगातून थेट न्यायालयात येतो, म्हणजे हा फटका गरिबालाच बसतो, हेही न्यायालयाने नोंदवलं.

पण खुद्द विल्यम्सला त्याचा उपयोग झाला नाही. त्याच्या वकिलाने वेळेवर हरकत घेतली नव्हती, म्हणून सक्ती झाली असं म्हणता येत नाही, असं म्हणून त्याची शिक्षा कायम राहिली. हक्क मिळाला, पण मागितला तर. मला हे आजही खुपतं. ज्याला आपला हक्क माहीत नाही तो मागणार कसा?

पाऊलवाट ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला यात दिसतं. न्यायालयाने ज्यूरीला "कपड्यांकडे बघू नका" असं सांगून भागवलं नाही. तो कपडाच समोर येता कामा नये, असं म्हटलं. १२९ मिलिसेकंदांशी उपदेशाने लढता येत नाही, व्यवस्था बदलावी लागते.

निशिगंध

वटवृक्ष काका, शेवटचं वाक्य अगदी खरं. मी परिचारिका आहे. रुग्णालयात तर माणूस आत आला की आधी त्याचे कपडेच काढून घेतात.

मागून नाड्या बांधायचा तो गाऊन. तपासणीला सोयीचा आहे, सलाईन, नळ्या, ड्रेसिंग सगळं हाताशी येतं. त्याबद्दल तक्रार नाही. पण काल घर चालवणारी, हिशेब ठेवणारी, चारचौघांना सल्ला देणारी बाई आज गाऊनमध्ये आली की तिच्याशी बोलायचा आमचा सूर बदलतो. "काय म्हणतंय आज आमचं बाळ?" सत्तर वर्षांच्या बाईंना! नातेवाइकांशी बोलताना तिच्या डोक्यावरून बोलतात. तीही हळूहळू विचारेनाशी होते. पाठ उघडी पडेल म्हणून कॉटवरून उतरत नाही, आणि म्हातारपणी पडून राहिलं की पायातली ताकद बघता बघता जाते.

ब्रिटनमध्ये यावर चांगली मोहीम झाली. गरज नसेल तेव्हा रुग्णांना उठवून त्यांचे स्वतःचे कपडे घालायला लावायचे आणि हिंडतं-फिरतं ठेवायचं. २०१८ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने त्यासाठी सत्तर दिवसांचा उपक्रम राबवला. मी आमच्या वॉर्डात जमेल तसं करते. रुग्ण जरा सावरला की घरच्यांना सांगते, त्यांचे रोजचे कपडे आणा आणि चष्मा आणा. आपल्या कपड्यांत बसलेल्या आजोबांना डॉक्टर राउंडला येऊन "तुम्ही काय काम करायचात?" असं विचारतात. गाऊनमध्ये होते तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आमच्या बाजूच्या कपड्यांचंही सांगते. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांत चार हजारांहून जास्त रुग्णांना विचारून केलेली पाहणी २०१८ मध्ये आली. औपचारिक कपड्यांवर पांढरा कोट घातलेले डॉक्टर सर्वांत जास्त पसंत पडले. तातडीच्या (इमर्जन्सी) आणि शस्त्रक्रिया विभागात मात्र साधे स्क्रब्ज, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी घालतात ते सुटसुटीत कपडे, चालतात असं बऱ्याच जणांनी सांगितलं. म्हणजे रुग्णही जागा बघून मत बदलतात. आणि ब्रिटनमध्ये जंतुसंसर्ग टाळायला कोपराखाली काही घालायचं नाही हा नियम आल्यावर लांब बाह्यांचा पांढरा कोट मागे पडला. म्हणजे कारण पटलं तर नजरेची सवयही बदलता येते.

स्पष्टोक्ती

निशिगंध, आई आजारी होती तेव्हा हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्यासारख्या परिचारिका सगळीकडे असाव्यात.

वटवृक्ष काकांचा मुद्दा पटतो आहे, पण मुलाखतीत उमेदवार समोर येणारच ना? तिथे पडदा कसा लावणार?

पाऊलवाट

लावतात की! अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी विशेषतः १९७० च्या दशकापासून निवडचाचणीत वादक आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा लावायला सुरुवात केली. मग लक्षात आलं की बुटांच्या टाचांच्या आवाजावरून आत येणारी बाई आहे की पुरुष ते कळतं. म्हणून काही ठिकाणी गालिचा अंथरला, काही ठिकाणी बूट काढून यायला सांगितलं. पडद्याआडून टाचेचा आवाजही मत बनवून जातो, यावरून केवढी काळजी घ्यावी लागते ते बघा.

सगळ्या नोकऱ्यांत पडदा शक्य नाही, मान्य. आमच्याकडे मी तीन गोष्टींचा आग्रह धरला आहे. कामाची लेखी चाचणी आधी, नावाऐवजी क्रमांकावर, आणि तिचे गुण माणूस समोर येण्याआधी लिहून बंद करायचे. समोरासमोर सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक उत्तराचे गुण तिथल्या तिथे. आणि 'एकंदर छाप' हा रकाना काढून टाकायचा. पहिल्या दोन्ही मान्य झाल्या. तिसऱ्यावर वाद चालू आहे. "छाप नाही तर मग मुलाखत कशाला?" असं विचारतात. माझं म्हणणं, ज्या कामात लोकांसमोर जावं लागतं तिथे 'लोकांशी बोलणं' हा वेगळा रकाना करा आणि बोलायला लावून गुण द्या. नुसतं बघून देऊ नका. आणि कपड्यांबद्दल खरंच काही अपेक्षा असेल तर ती बोलावण्याच्या पत्रात लिहा. मनात नियम ठेवायचा आणि तो मोडला म्हणून गुण कापायचे, हे मला मान्य नाही.

नवी_पालवी

पूर्ण धागा वाचला. पुढच्या आठवड्यात माझी पहिली मुलाखत आहे, म्हणून विचारतो आहे. चुलतभावाचा कोट मिळणार आहे. थोडा मोठा होतो. नवा घेणं आत्ता शक्य नाही. कोट न घालता नुसता शर्ट घालून गेलो तर चालेल का? सारखं वाटतं की आत गेल्या गेल्या सगळे कोटच बघतील.

अधोरेखित

पालवी, आधी मनावरचं दडपण थोडं उतरवते. २००० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं होतं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी चित्र ओळखलं असेल. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी ओळखलं. आपल्याला आपल्या कपड्यातली जी एक खोट माहीत असते ती समोरच्याला वाटते तेवढी दिसत नाही. ठसा पडतो तो एकंदर.

काठावरचा

पालवी, आदल्या दिवशी ते सगळं घालून घरात दोन तास वावर. बस, ऊठ, पाणी पी, खालून चपला उचल. कुठे ओढतंय, कुठे टोचतंय ते घरीच कळू दे. मुलाखतीला येणारी मुलं इमारतीत शिरताना मी रोज बघतो. नव्या बुटाने टाच सोललेली असते आणि बिचारी लंगडत लिफ्टकडे जातात.

वटवृक्ष

काही देशांत मुलाखतीचे कपडे देणाऱ्या संस्था आहेत. न्यूयॉर्कमध्ये नॅन्सी लब्लिन यांनी १९९७ साली बायकांसाठी सुरू केलेली 'ड्रेस फॉर सक्सेस' त्यातली माहितीतली. तुझ्या भागात कॉलेज किंवा वाचनालयात असं काही चालतं का, ते विचारून बघ. विचारण्यात कमीपणा नाही.

सुईदोरा

पालवी बाळा, मोठा आहे ना, मग काम सोपं आहे. आखूड असता तर अडचण होती. आरशासमोर उभा राहा आणि आधी फक्त खांदे बघ. शिलाई तुझ्या खांद्याच्या हाडाच्या टोकापर्यंत येते की पुढे लोंबते? बोटभर पुढे असेल तर चालवून घेता येतं. दोन-तीन बोटं लोंबत असेल तर तो कोट सोड आणि इस्त्रीचा शर्ट घालून जा. लोंबणाऱ्या कोटापेक्षा अंगासरशी बसलेला शर्ट केव्हाही चांगला. खांदे दुरुस्त करणं म्हणजे अर्धा कोट उसवणं, तेवढ्यासाठी पैसे घालवू नकोस.

खांदे बसत असतील तर बाकी सगळं होतं. बाही मनगटाच्या हाडापर्यंत ठेवायची, आतल्या शर्टाचा कफ बोटाच्या निम्म्या रुंदीइतका बाहेर दिसला पाहिजे. कंबर मागच्या मधल्या शिलाईतून आत घेता येते. कोट भावाचा आहे, परत द्यायचा आहे, म्हणून शिंप्याला आधीच सांग की कापड कापू नका, आतल्या आत दुमडून कच्चा टाका घाला. मुलाखत झाली की ते टाके उसवून कोट जसा होता तसा परत देता येईल. बाहीच्या बटणांची काजं खरी कापलेली आहेत का तेही बघून घे. कापलेली असतील तर बाही खालून आखूड करता येणार नाही, वरून मुंढ्यापासून करावी लागेल आणि त्याला दोन दिवस जास्त लागतील. पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे म्हणतोस, तर उद्याच जा.

नवी_पालवी

काका, आत्ताच घालून पाहिला. खांद्याला बोटभरच पुढे येतोय. बाहीची काजं नुसती दोऱ्याने दाखवलेली आहेत, कापलेली नाहीत. उद्या सकाळी जातो.